चुलीच्या जाळीचं माप चुलीवरून काढू नका

देवळीकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. लेकरू चौदा महिन्यांचं आहे, नुकतंच चालायला लागलंय. सयपाकघर ८ बाय १० फुटांचं, कोपऱ्यात मातीची चूल आणि बाजूला वैल, म्हणजे चुलीला जोडलेली दुसरी लहान चूल. गॅस आहे, पण भाकरी-वरण चुलीवरच होतं, आणि सिलिंडर संपला की सगळंच चुलीवर येतं. आंघोळीचं पाणी अंगणात विटांच्या चुलीवर तापतं. थंडीत सासरे ओसरीत घमेल्यात निखारे घेऊन बसतात. लेकरू आगीपासून लांब राहावं म्हणून मोबाइलवर तीन फुटी घडीची जाळी पाहिली, ती मागवू का? नसेल तर करून कोणत्या मापाची घेऊ?

ताई, ती मागवू नका. जाळी वाईट असते असं नाही, पण ती दुसऱ्या प्रकारच्या आगीसाठी केलेली असते. थंड देशांत आग भिंतीतल्या कोनाड्यात पेटते. तिच्यावर कुणी सयपाक करत नाही, समोर पाट टाकून कुणी बसत नाही. तिथे कोनाड्याच्या तोंडापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद जाळी घ्यायची आणि भिंतीतल्या कड्यांत अडकवून टाकायची, की काम झालं. ब्रिटनमध्ये तर १९३३ च्या कायद्यातच हे आलंय. घरात नीट न झाकलेली आग असेल आणि तिच्यामुळे बारा वर्षांखालचं मूल मेलं किंवा गंभीर जखमी झालं, तर सांभाळणाऱ्यावर गुन्हा होतो. पण मोबाइलवर स्वस्तात दिसणाऱ्या बऱ्याच घडीच्या जाळ्या नुसत्या ठिणग्या अडवायला असतात. त्या भिंतीला अडकत नाहीत. चालायला शिकणारं लेकरू जे दिसेल ते धरून उभं राहतं. दहा किलोचं पोर त्या जाळीला धरून उठलं की जाळी, लेकरू आणि चुलीवरचा गंज, म्हणजे पातेलं, सगळं एकदमच चुलीत जातं.

आपल्या चुलीची अडचण वेगळी आहे. सयपाक करणारी बाई आगीच्या समोरच बसते. नुसती चूल झाकली तर सयपाक होत नाही, म्हणून बाई जाळी उचलते आणि भिंतीला टेकवून ठेवते. मग दिवसातल्या ज्या दोन-तीन तासांत आग सगळ्यात मोठी असते, नेमकी तेव्हाच ती उघडी राहते. मी जाळ्या करून देतो, आणि लहान माप करून नेलेल्या बहुतेक जाळ्यांचं हेच झालेलं पाहतो. महिन्याभरात त्यांच्यावर टॉवेल वाळत असतात.

म्हणून माझं मत असं आहे. जाळी चुलीला घालायची नाही, चूल आणि चुलीवरची बाई या दोघांना मिळून घालायची. लेकरू बाहेर, बाई आत. माप तिथून काढायचं.

माप काढायच्या दिवशी सकाळी चूल रोजच्यासारखी पेटवा आणि रोजचं सगळं मांडून बसा. रिकाम्या, थंड चुलीचं माप घेऊन गिऱ्हाईक माझ्याकडे येतं तेव्हा मी त्याला परत घरी पाठवतो. आपल्याकडे जळण म्हणजे पऱ्हाटी आणि तुराटी, कपाशीची आणि तुरीची वाळकी झाडं. पऱ्हाटी मोडून घातली तरी दीड-दोन फूट चुलीच्या तोंडाबाहेर असते. आतलं टोक जळून तुटलं की बाहेरचा भाग तोलाने खाली येतो आणि पेटतं टोक वर करून चुलीसमोर पडतो. तुराटी तडतडते, तिची ठिणगी आणखी पुढे जाते. आग चुलीच्या तोंडाशी संपत नाही, जळणाच्या शेवटच्या टोकाशी संपते. पहिलं माप तिथपर्यंत.

दुसरं माप उतरवलेल्या भांड्यांचं. हे जवळजवळ सगळे विसरतात. वरणाचा गंज चुलीवरून उतरवून तुम्ही कुठे ठेवता? बहुधा उजव्या हाताला, जमिनीवर, राखेच्या शेजारी. तवा कुठे टेकवता? दुधाची पातेली? लहान लेकरं ज्वाळेपेक्षा गरम पाणी, वरण, चहा, दूध यांनीच जास्त भाजतात, आणि हे सगळं चुलीवर नसतं, चुलीच्या बाजूला असतं. ती जागा जाळीच्या बाहेर राहिली तर जाळीचा अर्धा उपयोग गेला.

तिसरं माप तुमचं स्वतःचं. पाटावर बसून मागे सरकायला आणि पदर सावरून उठायला जागा हवी. जाळीत अडकून बसल्यासारखं वाटलं तर तुम्ही फाटक उघडंच ठेवाल.

तुमच्या खोलीचं गणित यावरून बसतं. चूल आणि वैल मिळून भिंतीलगत साधारण अडीच फूट धरा. बाजूला भांडी उतरवायला दीड फूट, त्याशिवाय एक फूट मोकळा. म्हणजे कोपऱ्यापासून रुंदी ५ फूट. आता भिंतीपासून पुढे किती जागा लागते ते पाहा: चूल सव्वा फूट, बाहेर आलेलं जळण दीड फूट, तुम्ही दोन फूट. पावणेपाच झाले, ५ धरा. एका कोपऱ्यात ५ बाय ५ फुटांचा चौक, दोन बाजूंना भिंत आणि दोन बाजूंना जाळी. ८ फुटी बाजूला तीन फुटांची वाट उरते, तेवढी जायला-यायला पुरते. चूल तुमच्या फोटोत दिसते तशी कोपऱ्याला चिकटून असेल तर हेच माप चालेल. थोडी पुढे असेल तर जेवढी पुढे तेवढं वाढवा, कमी मात्र करू नका.

आता उंची. लेकरू आज पाऊण मीटरपेक्षा थोडं उंच असेल. पण जाळी आजच्या लेकराची करायची नसते. दोन वर्षांचं पोर साधारण ८६-८७ सेंटिमीटर, तीन वर्षांचं ९५ च्या आसपास असतं. अडीच फुटांची जाळी केली तर दोन वर्षांच्या पोराचा खांदा जवळजवळ वरच्या पाईपाला येतो आणि वरून सगळा हात आत जातो. ३ फूट केली तर वरचा पाईप धरता येतो, पण वरून वाकून आतलं काही ओढता येत नाही. ३ फुटांच्या वर जाऊ नका. बाईला बाहेरून डबा हातात द्यायचा असतो, बाहेर लेकरू काय करतंय ते बसल्या जागेवरून दिसावं लागतं.

आतल्या बाजूनेही एक अंतर सांभाळायचं. जाळी आगीपासून निदान एक-सव्वा फूट लांब हवी, नाहीतर जाळीच तापते आणि जे टाळायचं तेच होतं. ५ बाय ५ मध्ये हे आपोआप साधतं. तरी बसवल्यावर चूल अर्धा तास जोरात पेटवा आणि जाळीच्या सगळ्यात जवळच्या भागाला हाताची मागची बाजू लावून पाहा. लावून ठेवता आली पाहिजे. काढून घ्यावीशी वाटली तर त्या बाजूने जाळी सरकवायला हवी.

जाळीचं भोक एक इंच बाय एक इंच, वेल्डमेश म्हणजे तारा वेल्ड केलेली जाळी, १२ गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी). दोन इंची जाळी स्वस्त पडते म्हणून देतात, ती घेऊ नका. तिच्यात लेकराच्या पायाची बोटं बसतात आणि ती शिडी होते. याच कारणाने मध्ये आडव्या पट्ट्या, नक्षी, फुलं काही नको. ग्रिलवाल्याचा हात शिवशिवतो, तो दोन आडव्या पट्ट्या टाकतोच. त्याला आधीच सांगा. चौकटीला पाऊण इंची चौकोनी पाईप पुरतो. जाळीच्या तारांची टोकं पाईपाच्या आतल्या, म्हणजे आगीकडच्या बाजूला वेल्ड करून ग्राइंडरने घासून घ्या. बाहेर राहिलेलं तारेचं टोक लेकराच्या गालाच्या उंचीवर येतं.

खाली फट ठेवायची नाही. आपली जमीन सारवलेली, कुठे उंच कुठे खोल. तळाशी चार इंच उंचीची पत्र्याची पट्टी लावून घ्या, ती जमिनीला टेकू द्या. पडलेलं पेटतं टोक किंवा घरंगळलेला निखारा तिथेच अडतो आणि रांगणाऱ्याचा हात खालून आत जात नाही. सारवताना बाईला अडचण होते हे खरं आहे. पट्टीला फडकं लागेल, शेण लागेल, दोन वर्षांत ती गंजेलही. गंजली की पट्टी बदलायची.

फाटक २ फूट ३ इंच रुंद. याहून अरुंद केलं तर दोन्ही हातांत गंज धरून निघताना कोपर अडकतो. फाटक बाहेर उघडणारं हवं आणि आपोआप बंद होणारं हवं. स्प्रिंगची बिजागरी मिळते. नसेल तर फाटक किंचित तिरकं टांगलं की स्वतःच्या वजनाने मिटतं, गावातल्या कुठल्याही जुन्या वेल्डरला हे जमतं. कडी आतल्या बाजूने, वरच्या पाईपापासून थोडी खाली, एका हाताने उघडेल अशी. कुलूप कधीच नाही. पदराला आग लागली तर बाईला एका झटक्यात बाहेर पडता आलं पाहिजे. याच कारणाने फाटक चुलीच्या तोंडासमोर ठेवू नका, बाजूला ठेवा. फाटक ओलांडून जायची सवय मात्र लावू नका. साडी, ओला पाय आणि हातात उकळतं वरण असताना तीन फुटांचं फाटक ओलांडणं म्हणजे अपघाताला बोलावणं आहे.

बसवणी भिंत पाहून. विटा-सिमेंटची भिंत असेल तर फास्टनर, म्हणजे भोकात घट्ट बसणारे बोल्ट टाका, प्रत्येक टोकाला वर-खाली दोन. मातीच्या भिंतीत फास्टनर काय, होल्डफास्ट म्हणजे भिंतीत गाडायची लोखंडी पट्टीही धरत नाही. लेकराच्या रोजच्या ओढाताणीने भोक मोठं होत जातं आणि एक दिवस मातीसकट निघून येतं. तिथे भिंतीचा नादच सोडा. भिंतीलगत अँगलचा खांब दीड फूट जमिनीत गाडा, भोवती गिट्टी-सिमेंट ठोका आणि जाळी त्या खांबाला लावा. कुडाच्या घरालाही हेच. चौकाचा भिंतीपासून सुटा असलेला कोपराही असाच गाडलेला असू द्या, म्हणजे भिंतीवर काही भार येत नाही.

रंगाचं एक. करून आणलेल्या जाळीला दुकानात घाईने रंग मारलेला असतो. दोन-तीन दिवस उन्हात ठेवून मगच घरात घ्या. चुलीजवळच्या भागाला प्लॅस्टिक चढवलेली हिरवी जाळी, शेतातली शेडनेट, नायलॉनची जाळी चालत नाही. ती वितळते आणि वितळलेलं प्लॅस्टिक कातडीला चिकटतं. जस्ताची चमकदार जाळी एक-दीड फूट लांब असेल तर हरकत नाही, पण ती चुलीच्या तोंडावर झाकण म्हणून वापरू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, निखारा त्याहून गरम असतो आणि त्याचा धूर छातीला वाईट. गॅसचा सिलिंडर त्याच खोलीत असेल तर तो चौकाच्या आत येऊ देऊ नका.

एवढं सगळं लोखंड पंचवीस किलोच्या आत-बाहेर जाईल. भाव किलोवर विचारा, मजुरीसकट, आणि जाळीचा व पाईपाचा गेज चिठ्ठीवर लिहून घ्या.

ज्यांची खोली याहून लहान आहे त्यांना चौक बसत नाही. त्यांनी चुलीभोवतीच्या जाळीचा नाद सोडून सयपाकघराच्या दाराला अर्धं दार करावं. तेच तीन फूट, तीच एक इंची जाळी, बाहेर उघडणारं. स्वस्त पडतं, आगीपासून लांब असल्याने लाकडी चौकटीतही चालतं, बांबूचंही चालतं. फक्त एक विचारून घ्या, पहाटे तुम्ही सयपाक करता तेव्हा लेकरू कुणाजवळ असतं? कापूस वेचणीच्या दिवसांत पाचला चूल पेटते, घरात दुसरं कुणी उठलेलं नसतं, लेकरू दाराशी रडतं आणि आई त्याला आत घेते. असं घर असेल तर अर्ध्या दाराने भागणार नाही. आत कुठेतरी चौक काढावाच लागेल, चार फुटांचा का होईना.

सयपाक झाल्यावरची गोष्ट राहिली. चूल विझली असं आपण म्हणतो, पण बाभळीचा किंवा गोवरीचा निखारा राखेखाली रात्रभर टिकतो. पूर्वी विस्तव याच रीतीने राखून ठेवत, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. वर पांढरी थंड राख आणि बोटभर खाली विस्तव. लेकराला राख दिसते. त्यामुळे फाटक दिवसभर बंदच. तुमच्या घरात ते उघडं राहणार असं वाटत असेल तर चुलीच्या तोंडावर ठेवायला वेगळी पेटी करून घ्या: ३ फूट रुंद, २ फूट खोल, दीड फूट उंच, वरूनही जाळी, भोक अर्धा इंच, काळ्या म्हणजे जस्त न चढवलेल्या तारेची. आठ-दहा किलो वजनाची असू द्या आणि मागे भिंतीला किंवा गाडलेल्या सळईला अडकवायला आकडा ठेवा. ही पेटी फक्त सयपाकानंतरची आहे. ती चौकाऐवजी चालत नाही.

अंगणातली पाण्याची चूल. तिथे भिंती नसतात, म्हणून चारी बाजूंनी जाळी लागते. माझा सल्ला, तिला आधी घराच्या किंवा न्हाणीच्या भिंतीच्या कोपऱ्यात हलवा. विटांची चूल आहे, अर्ध्या तासाचं काम. मग दोनच बाजू उरतात आणि वर सांगितलेलंच माप चार फुटांवर आणता येतं, कारण तिथे बसून कुणी सयपाक करत नाही. उंची तीच ३ फूट. तांब्याचा बंब असेल तर त्याचं अंगच पाण्याइतकं तापतं आणि खालच्या जाळीतून निखारे गळतात. त्याच्या भोवती सगळीकडे सव्वा फूट मोकळं ठेवून जाळी घ्या आणि तोटी फाटकाच्या बाजूला करा.

पण पाण्याच्या चुलीचा खरा धोका जाळीच्या बाहेर आहे. उकळतं पाणी गंजातून बादलीत आणि बादलीतून न्हाणीपर्यंत जातं, त्या वाटेवर लेकरू असतं. तिथे माझं लोखंड काही करू शकत नाही. बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम ओता. नुसत्या गरम पाण्याची बादली न्हाणीत ठेवून टॉवेल आणायला जायचं नाही. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत भाजतं. लेकराची कातडी पातळ, त्याला तेवढा वेळही लागत नाही, आणि तुमचं पाणी साठाहून बरंच वर असतं.

ओसरीतलं घमेलं. यावर मी जाळी करून देत नाही, मागितली तरी. घमेलं रोज जागा बदलतं, म्हणून त्याला अडकवायला काही नसतं. सासऱ्यांना सांगा की घमेलं ओसरीच्या जोत्याखाली, अंगणात घ्या आणि लेकरू मांडीवर असेल तर आगीपासून दोन हात लांब बसा. शेकून झालं की निखाऱ्यांवर पाणी ओतून घमेलं पालथं करा. नुसती माती टाकून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी पाय त्यातच पडतो. घरात बाळंतीण असेल आणि बाजेखाली शेगडी ठेवत असाल, तर तिथे माप वगैरे काही नाही. दारं-खिडक्या बंद खोलीत निखारे ठेवूच नका. कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि आई-बाळ दोघं झोपेतच जातात.

भाजलंच तर काय करायचं हे माझं क्षेत्र नाही, पण डॉक्टर लोक सगळे एकच सांगतात: लगेच वाहत्या साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा, बर्फ नाही, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नाही. बाकीचं अंग उबदार ठेवा, भाजलेल्या जागेवर स्वच्छ कापड सैल झाका आणि १०८ ला फोन करा. लहान लेकराला फोड आले असतील, किंवा तोंड, हात, पाय, लघवीची जागा भाजली असेल, तर जखम लहान दिसली तरी दवाखान्यात न्यायचंच.

वेल्डरकडे जाताना शेवटचं एक सांगून ठेवा. कोपऱ्यातले आणि खांबाचे जोड वेल्डिंगने पक्के करू नको, नट-बोल्टने कर, आणि नटांची तोंडं आतल्या बाजूला ठेव. लेकरू पाच-सहा वर्षांचं झालं की हा चौक तुम्हाला अडचणच होईल. तेव्हा बोल्ट काढून त्या पट्ट्या गोठ्यात वासराच्या कप्प्याला लावता येतात. माझ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी त्या तिथेच लावल्यात, आणि धाकटं लेकरू आलं की परत काढून नेल्यात.